भुसावळला उतरवलेली मुलं

३० मे २०२३. दानापूरहून पुण्याला निघालेली एक्स्प्रेस भुसावळ स्थानकात थांबली आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी डब्यांतून मुलं खाली उतरवायला सुरुवात केली. भुसावळला २९ मुलं उतरवली, पुढे मनमाडला आणखी ३०. एकूण ५९. वयं ८ ते १७, सगळी बिहारच्या अररिया जिल्ह्याकडची. सोबतची मोठी माणसं सांगत होती की, मुलांना पुणे आणि सांगलीकडच्या मदरशांत शिकायला घेऊन चाललोय. रेल्वेकडे खबर वेगळी होती : मुलं मजुरीसाठी पळवली जात आहेत. लोहमार्ग पोलिसांनी दोन स्थानकांचे दोन गुन्हे नोंदवले. कलम लावलं भारतीय दंड संहितेचं ३७०, म्हणजे मानवी तस्करी. पाच जणांना अटक झाली आणि ते सुमारे चार आठवडे आत राहिले. मुलं १२ दिवस बालगृहांत होती.

मार्च २०२४ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी दोन्ही गुन्ह्यांचा तपास बंद केला. तस्करी झालीच नव्हती, गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता, असा निष्कर्ष निघाला.

वर्तमानपत्रांत ही गोष्ट पोलिसांची आणि आरोपींची म्हणून आली. या प्रकरणात मला बोलायचंय ते त्या गाडीत नसलेल्या माणसांबद्दल. अररियातल्या आईबापांबद्दल. त्यांच्यावर कुठलाही गुन्हा नव्हता, कुणी त्यांना आरोपी म्हटलं नव्हतं. तरी पोटची पोरं परत मिळवायला त्यांना दीड-दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या दूरच्या, अनोळखी भाषेच्या मुलखातल्या सरकारी यंत्रणेपुढे स्वतःला सिद्ध करावं लागणार होतं. आरोपीला निदान वकील मिळतो, जामीन मागता येतो, त्याच्यावरचा आरोप लिहून हातात पडतो. मूल ताब्यात घेतलं गेलेल्या पालकाला यातलं काय मिळतं? बऱ्याचदा एक तारीख. ‘अमुक दिवशी या.’

या पालकांची बाजू मांडण्याआधी दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, कारण तीही तितकीच खरी आहे. भुसावळ हे साधं स्थानक नाही. मुंबईकडून आलेला रूळ इथून एकीकडे इटारसी-प्रयागराजकडे जातो, दुसरीकडे नागपूर-हावड्याकडे. जवळच जळगावहून सुरतेचा फाटा निघतो. घरातून पळालेलं पोर, कामाला नेलं जाणारं पोर, हरवलेलं पोर, सगळी या जंक्शनवरून जातात. रेल्वे सुरक्षा दलाची ‘नन्हे फरिश्ते’ नावाची मोहीम २०१८ पासून चालू आहे, आणि पहिल्या सातेक वर्षांत देशभरातल्या स्थानकांवर ८४ हजारांवर मुलं तिच्यामुळे सुरक्षित हातांत पोचली, असं रेल्वेची आकडेवारी सांगते. बिहारमधली लहान मुलं कारखान्यांत राबवली गेल्याची प्रकरणं काही खोटी नाहीत. तेव्हा गाडीत मोजक्या मोठ्यांसोबत पन्नासेक मुलं दिसली आणि जवानाने विचारपूस केली, यात माझ्या मते काही चुकलं नाही. त्याने विचारलं नसतं तर चुकलं असतं. घोळ विचारपुशीनंतर होतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईबापांकडे असतं, आणि नेमकं त्यांनाच सगळ्यात शेवटी विचारलं जातं.

आता कायद्याकडे वळू. अशी घटना घडली की दोन वेगळ्या गाड्या दोन वेगळ्या रुळांवर सुटतात, आणि पालकांना हे कुणी सांगत नाही. एक फौजदारी प्रकरण : पोलीस, दंडाधिकारी, आरोपी, जामीन. दुसरी मुलाबद्दलची चौकशी : ती चालते बाल कल्याण समितीपुढे. पहिल्यात प्रश्न असतो, गुन्हा झाला का. दुसऱ्यात प्रश्न असतो, हे मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे का. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरं थांबवून ठेवायची कायद्याला गरज वाटत नाही. पालक मात्र पोलीस ठाण्यात खेटे घालत बसतात, कारण मूल पोलिसांनी नेलेलं त्यांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. मूल परत देण्याचा अधिकार पोलिसांकडे नाहीच. तो समितीकडे आहे.

ही समिती २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. तिची बैठक महिन्यातून किमान २० दिवस व्हायला हवी. सदस्य समाजकार्य, मानसशास्त्र, कायदा, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतले असतात. न्यायाधीश असावेत अशी अट नाही. नियम तर असं सांगतात की, समितीने उंच चौथऱ्यावर बसू नये आणि मुलासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यासारखा अडसर नसावा. म्हणून ते दालन एखाद्या कार्यालयासारखं दिसतं आणि पालकांना वाटतं, हे कोर्ट नाही, मॅडमना विनंती केली की होईल. तसं नसतं. या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिथे तुम्ही बोललेलं लिहून घेतलं जातं, आणि तिथे निघतो तो आदेश असतो. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. एकट्या सदस्यासमोर मूल हजर करता येतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे एकटा सदस्य कायमचं ठरवू शकत नाही.

भुसावळच्या प्रकरणात आणखी एक गुंता होता. गाडी एक, गाव-जिल्हा एक, पण उतरवलेली स्थानकं दोन. भुसावळ जळगाव जिल्ह्यात येतं, मनमाड नाशिक जिल्ह्यात. गुन्हे दोन, तपास दोन, जिल्हे दोन. एखाद्या घरातला थोरला भुसावळला आणि धाकटा मनमाडला उतरवला गेला, तर बापाने आधी कुठे जायचं? गाडीचे डबे मोजताना हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. कायद्याने मात्र तो केलेला आहे. कलम ९५ म्हणतं की, मूल समितीच्या हद्दीबाहेरचं असेल आणि चौकशीनंतर ते त्याच्या हिताचं दिसलं, तर मुलाला त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याचा आदेश द्यावा. म्हणजे अररियाच्या बापाने खानदेशात येऊन इथली भाषा बोलायची नाही; त्याच्या घराची, गावाची चौकशी त्याच्याच जिल्ह्यात व्हायची. परराज्यातल्या पालकाने पहिल्या अर्जात मागायची गोष्ट हीच. नुसतं ‘माझं मूल द्या’ हा अर्ज समितीला अडचणीचा वाटतो, कारण कुणाच्या हातात दिलं याची जबाबदारी तिच्यावर येते. ‘माझ्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवा’ हा अर्ज तिला सोयीचा असतो. प्रत्यक्षात त्या ५९ मुलांबाबत पालकांचा रेटा वाढला आणि १२ दिवसांनी मुलं बिहारला परतली.

मुदतींचं पालकाने पाठांतर करावं, इतकं त्यांना महत्त्व आहे. मूल ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, समितीपुढे हजर झालं पाहिजे. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत पुरा व्हायला हवा. अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात अहवाल रेंगाळतो, कारण तो लिहिणाऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या माणसाकडे आधीच ढिगाने प्रकरणं असतात आणि परराज्यात गृहभेट करायची म्हणजे तिकडच्या कक्षाला पत्र, त्याचं स्मरणपत्र, मग उत्तर. सोळाव्या दिवशी पालकाने लेखी विचारावं : अहवाल आला का, नसेल तर कधी येणार? हे विचारलं म्हणून कुणी रागावेल ही भीती खरी आहे. पण न विचारलेल्या प्रकरणाची फाईल खालीच राहते.

आणि हा सामाजिक तपासणी अहवाल म्हणजेच खरा खटला. घर कसं, कमावतं कोण, उत्पन्न किती, भावंडं किती, मूल शाळेत जात होतं का, घरात व्यसन आहे का, मूल घराबाहेर का पडलं, शेजारी काय म्हणतात. समिती तुमचं तोंड दहा मिनिटं पाहते. अहवाल तिच्यासमोर कायम असतो. सरकारी माणूस गृहभेटीला येणार म्हटल्यावर पालक एक तर लपतात, नाही तर त्याला खूश करायला खोटं सांगतात. मूल तीन महिने शाळेत गेलं नसेल तर ते तसंच सांगावं, आणि का गेलं नाही तेही. शाळेचा हजेरीपट तो माणूस नंतर पाहणारच असतो, आणि एकदा खोटं सापडलं की तुमच्या खऱ्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो.

अहवाल गोपनीय असतो. कायदाच तसं म्हणतो, आणि कार्यालयात गेल्यावर तेच ऐकवलं जातं : देता येणार नाही. पण त्याच कलम ९९ मध्ये पुढचं वाक्य आहे, जे ऐकवलं जात नाही. समितीला योग्य वाटलं तर ती अहवालाचा सारांश पालकाला कळवू शकते, आणि त्यातल्या मुद्द्यांवर पुरावा द्यायची संधी देऊ शकते. म्हणून अर्जात ‘अहवालाची प्रत द्या’ असं न लिहिता ‘कलम ९९ प्रमाणे अहवालाचा सारांश कळवावा व त्यावर पुरावा सादर करण्याची संधी द्यावी’ असं लिहावं. पहिल्या वाक्याला सरळ नकार मिळतो. दुसरं नाकारायचं तर कारण द्यावं लागतं. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये नैसर्गिक न्यायाचं तत्त्व लिहिलेलं आहे : निष्पक्ष सुनावणी, पूर्वग्रहाविना निर्णय. त्याच कलमात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हेही आहे. बालगृहाचं पहिलं उद्दिष्ट मूल कुटुंबात परत पोचवणं हे असल्याचं कलम ४० सांगतं. ही कलमं पालकाने अर्जात शांतपणे लिहावीत. वकिली थाट नको.

आता एक अडचणीचा मुद्दा. मुलांना आईबापांनीच पाठवलं होतं, मग तस्करी कशी? असा सवाल भुसावळच्या प्रकरणात सहज सुचतो. पण कायद्यात हे उत्तर पुरेसं नाही, आणि नसावंही. मुलाला विकणारे आईबापही या देशात आहेत. कलम ३७० मध्ये (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १४३) बळी पडणाऱ्याची संमती गैरलागू आहे. मात्र त्या कलमाचा कणा आहे ‘शोषणाच्या हेतूने’ हे शब्द, आणि जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांसारखा एखादा मार्ग. तेव्हा पालकाने ‘आम्हीच पाठवलं’ यावर जोर न देता ‘कुठे पाठवलं आणि तिथे काय होतं’ यावर द्यावा. ती शाळा, तो मदरसा, ती आश्रमशाळा खरोखर आहे. तिथे आमच्या गावातली ही मुलं आधीपासून शिकतात. हा तिथला प्रवेशाचा कागद. हा शिक्षकाचा फोन. पैसे आम्ही घेतले नाहीत. हेतूचा प्रश्न हेतूच्या पुराव्यानेच सुटतो.

तो पुरावा बहुधा चुरगळलेल्या कागदांचा असतो. जन्माचा दाखला, आधार, रेशनकार्डावरचं मुलाचं नाव, शाळेचा बोनाफाईड, सरपंच किंवा पोलीस पाटलाचं पत्र. नावांचे घोळ जवळपास प्रत्येक गरीब घरात असतात : शाळेत एक, आधारवर दुसरं, हाक मारायचं तिसरं. मुलाला विचारलं तर ते तिसरं सांगतं, आणि अधिकाऱ्याला वाटतं मूल पढवलेलं आहे. यावर उपाय साधा आहे. ‘या तिन्ही नावांचा मुलगा एकच’ असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच तारखेला दाखल करावं.

हे सगळं बिहारच्याच लोकांना लागू आहे असं खानदेशातल्या वाचकाने समजू नये. रावेर-यावलच्या पट्ट्यातला केळीमजूर, सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा किंवा भिल्ल बाप, धुळ्याकडून ऊसतोडीला गेलेलं जोडपं. यांची पोरंही मामा-काकासोबत सुरतेकडे, आश्रमशाळेकडे प्रवास करतात. समजा, असा एक मामा दोन भाचे घेऊन भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसलाय आणि नंदुरबारला कुणी विचारलं, ही तुझी कोण? आडनाव वेगळं, कागद नाही, मुलं घाबरून गप्प. तो क्षण आणि भुसावळचा फलाट यांत फरक फक्त मुलांच्या संख्येचा. आईबापांच्या सह्या-अंगठ्याचं एक साधं पत्र, त्यावर त्यांचा फोन नंबर, कुठे चाललोय त्या ठिकाणचा पत्ता, आणि मुलाच्या आधारची झेरॉक्स मामाच्या खिशात असली तर ऐंशी टक्के प्रश्न फलाटावरच मिटतात असं मी म्हणणार नाही, तसा आकडा कुणी मोजलेला नाही. पण फोन लावायला तरी काही असतं.

दुसरा प्रकार बालविवाहाचा. लग्न ठरलेली अल्पवयीन मुलगीही या कायद्याच्या व्याख्येत बसते, आणि तिचे आईबाप समितीपुढे येतात. तिथे ‘आमच्याकडे पद्धत आहे’ हा बचाव चालत नाही आणि चालू नये. तिथे एकच गोष्ट कामाची : लग्न करणार नाही आणि शिक्षण चालू ठेवू, असं हमीपत्र, आणि ते पाळणं. पालकाची बाजू मांडायची म्हणजे प्रत्येक पालकाची बाजू बरोबर ठरवायची असा अर्थ होत नाही.

गरिबी आणि हेळसांड या दोन गोष्टी समितीच्या टेबलावर सारख्याच दिसतात, हे मला या विषयातलं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं. पत्र्याचं घर, आई कामावर, मूल दिवसभर एकटं. यावर मूल उचलून बालगृहात ठेवायचं की घरालाच आधार द्यायचा? आधाराची सोय सरकारनेच केली आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये आहेत. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये. कोविडच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बालगृहांतून घरी परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यायला राज्यांना सांगितलं होतं. म्हणजे पैशाअभावी मूल सांभाळता येत नसेल तर पैसा मुलामागे घरी जावा, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. समितीपुढे उभ्या असलेल्या पालकाने अशा एखाद्या योजनेचा अर्ज सोबत जोडावा. मूल परत द्या आणि देखरेख ठेवा, असं स्वतःहून म्हणावं. कलम ३७ मध्ये बाल कल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मूल परत देण्याची तरतूद आहेच.

गंमत अशी की, भुसावळच्या घटनेआधी अडीच महिने, १७ मार्च २०२३ ला, ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा सिनेमा प्रदर्शित झाला होता. सागरिका चक्रवर्ती यांची दोन मुलं २०११ मध्ये नॉर्वेच्या बाल कल्याण यंत्रणेने काढून घेतली, त्यावरचा. थिएटरात लोक रडले. परक्या देशाच्या अधिकाऱ्यांना आपलं घर काय कळणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या कथेचा उत्तरार्ध फार जणांना माहीत नसतो : मुलं भारतात काकाकडे आली, आणि आईला ती परत मिळवायला बर्दवानच्या बाल कल्याण समितीकडे आणि मग कोलकाता उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. एका देशाच्या समितीने नेलेली मुलं दुसऱ्या देशातल्या तशाच समितीच्या मदतीने आईकडे आली. यंत्रणा वाईट किंवा चांगली नसते. तिच्यापुढे कोण, काय घेऊन उभं राहतं, यावर बरंच अवलंबून असतं. पुढे १० सप्टेंबर २०१९ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्ट्रँड लोबेन प्रकरणात नॉर्वेला दोषी ठरवलं. आई आणि मूल यांना जोडून ठेवण्याचा पुरेसा प्रयत्न न करता मूल दत्तक दिलं गेलं होतं.

इंग्लंडमध्ये मूल काढून घेण्याचा खटला उभा राहिला की आईबापांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये प्रत्येक वेळी वकील द्यायची सक्ती नाकारली. पुढच्याच वर्षी मात्र, पालकत्व कायमचं तोडायचं तर भक्कम आणि स्पष्ट पुरावा लागेल, असं ठरवलं. आपल्याकडे समितीपुढच्या पालकासाठी असा खास हक्क नाही. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ आहे. त्याखाली उत्पन्न कितीही असो, महिलेला मोफत वकील मिळतो. तसाच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, आणि बालगृहात ठेवलेल्या मुलालाही. म्हणजे बापाचं उत्पन्न मर्यादेत बसत नसलं तरी आईच्या नावाने अर्ज करता येतो. जळगावचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारात आहे. राष्ट्रीय क्रमांक १५१००. मुलांची हेल्पलाइन १०९८. पहिला फोन बहुतेक जण ओळखीच्या पुढाऱ्याला करतात. तोही करावा, हरकत नाही. पण दुसरा १५१०० ला करावा.

वकील मिळेपर्यंत पालकाला एकट्यानेच उभं राहावं लागतं, आणि तेव्हा तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ. तोंडी काही मागायचं नाही; अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. न समजलेल्या कागदावर सही-अंगठा करायचा नाही. विशेषतः मूल ‘समर्पण’ करण्याच्या कागदावर, कारण त्यानंतर फेरविचाराला फक्त दोन महिने असतात आणि मग मूल दत्तक जाऊ शकतं. आणि मुलाला भेटायची परवानगी पहिल्या दिवसापासून लेखी मागायची. भेटायला न आलेला बाप फाईलमध्ये ‘रस नसलेला पालक’ म्हणून नोंदला जातो, मग त्याच्याकडे तिकिटाचे पैसे होते की नव्हते हे कुणी विचारत नाही.

समितीच्या आदेशावर सत्र न्यायालयाच्या पातळीवरच्या बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रायोजकत्व आणि प्रतिपालनाच्या निर्णयावरचं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर समितीच्या कारभाराबद्दलची तक्रारही त्यांच्याकडेच करता येते. अपिलाची मुदत आहे ३० दिवस, आणि ती मोजली जाते आदेशाच्या तारखेपासून. तुम्हाला तो कळला त्या दिवसापासून नव्हे. उशिराचं सबळ कारण पटलं तर न्यायालय मुदत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. आदेश निघाला त्याच दिवशी, दालनाच्या बाहेर पडण्याआधी, त्याच्या प्रमाणित नकलेचा अर्ज द्या.